हौस फिटली की मोकळी?

दिवाळीच्या आधी माळा काढणं हे आमच्या घरातलं दरवर्षीचं युद्ध. यंदा शिडीवर मी होते आणि वस्तू हातात घ्यायला खाली सासूबाई. आधी खाली आला वारली चित्रांसाठी आणलेल्या गेरूचा डबा. मग शाडूच्या मातीची दगडासारखी झालेली पिशवी. भरतकामाच्या लाकडी रिंगा तीन. ब्रेल लिहायची पाटी आणि तिची टोचणी. बोरू, शाईची दौत, मोडीच्या चार वह्या. रंगीत कागदांचा गठ्ठा. आणि सगळ्यांत शेवटी साड्यांच्या, लुगड्यांच्या तुकड्यांची दोन भलीमोठी बोचकी. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. सासूबाईंनी कमरेवर हात ठेवून त्या पसाऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, हे तर म्हणीतलंच झालं की! एक ना धड, भाराभर चिंध्या."

त्या हसल्या, मीही हसले. बोचक्यात खरोखरच चिंध्या होत्या, त्यामुळे वाद घालायला जागाच नव्हती! पण दुपारी भांडी आवरताना ते वाक्य पुन्हा पुन्हा आठवत राहिलं. कारण ते काही पहिल्यांदा ऐकत नव्हते. वेगवेगळ्या शब्दांत हेच गेली वीस वर्षं ऐकतेय. 'यातून पुढे काय?' 'क्लास काढणार आहेस का?' 'पैसे मिळतात का त्याचे?' माझ्या जावेनं तर एकदा हिशोबच मांडला होता. एवढे तास शिवणयंत्रावर बसले असते, तर आतापर्यंत माझं ब्लाऊजचं दुकान झालं असतं म्हणे.

खरं सांगायचं तर मी काही कुणी कलाकार नाही. इतिहास घेऊन बी.ए. झाले, लग्न होऊन साताऱ्यात आले, घर, मुलगी, आजारपणं, पाहुणे यांत रमले. महिला मंडळ आणि बचत गटाच्या कामामुळे गावात थोडी ओळख आहे, एवढंच. पण एखादी गोष्ट दिसली की 'हे कसं करत असतील?' हा किडा डोक्यात शिरतो आणि तो स्वस्थ बसू देत नाही. हा किडा बऱ्याच जणींच्या डोक्यात असतो. पण आपण त्याला 'आता या वयात काय' म्हणून गप्प बसवतो. आज मला त्या किड्याची बाजू मांडायची आहे. आणि त्याचबरोबर त्यानं माझ्या हातून घडवलेली एक चूकही सांगायची आहे.

आधी बाजू. डॉ. अनिल अवचट यांचं 'छंदांविषयी' हे पुस्तक अनेकींनी वाचलं असेल. शिक्षणानं डॉक्टर असलेला हा माणूस लिहायचा, चित्रं काढायचा, बासरी वाजवायचा, लाकडात शिल्पं कोरायचा, कागदाच्या घड्या घालून प्राणी-पक्षी करायचा. २०२२च्या जानेवारीत ते गेले, तेव्हा या सगळ्या छंदांचा किती आदरानं उल्लेख झाला! आणि तो व्हायलाच हवा होता. पण हीच यादी एखाद्या मध्यमवर्गीय गृहिणीच्या नावापुढे लिहून पाहा. पुरुषानं पाच गोष्टी केल्या की तो 'बहुआयामी' आणि बाईनं केल्या की 'हिचं कशातच लक्ष नाही'. त्याच्या छंदासाठी घरात कोपरा असतो, आपल्या छंदासाठी माळा!

तरी बायकांनी हे पूर्वीपासून केलं आहेच. १९७५ साली आमच्याच जिल्ह्यात, कराडला, साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी दुर्गाबाई भागवत होत्या. त्या संमेलनातला त्यांचा आणीबाणीविरोधी बाणा सगळ्यांना ठाऊक असतो. पण लोककथा गोळा करणाऱ्या, 'ऋतुचक्र'मध्ये झाडाझुडपांचे बारा महिने टिपणाऱ्या, महाभारतावर 'व्यासपर्व' लिहिणाऱ्या आणि 'खमंग'मध्ये स्वयंपाकघरात शिरणाऱ्या दुर्गाबाई एकच. 'बाई, तुमचा नेमका विषय कोणता?' असं त्यांना कुणी विचारलं असतं, तर त्यांनी काय उत्तर दिलं असतं याची मी कल्पनाच करू शकते.

आता माझ्या किड्याबद्दल. ब्रेल मी शिकले ती निव्वळ कुतूहलातून. एसटीत शेजारी बसलेला एक मुलगा मांडीवरच्या जाड कागदावरून बोटं फिरवत होता आणि मधेच स्वतःशी हसत होता. मला राहवलं नाही. विचारलं, तर म्हणाला, "विनोदी गोष्ट आहे, काकू." त्या कागदावर मला फक्त उंचवटे दिसत होते. तो हसत होता आणि निरक्षर मी होते! घरी येऊन शोधाशोध केली, शिकवणारं कुणीतरी मिळालं. सहा टिंबांच्या मांडणीतून सगळी अक्षरं. पाटीवर लिहिताना टोचणीनं उजवीकडून डावीकडे आणि उलटी अक्षरं टोचायची, मग कागद पालथा केला की ती डावीकडून उजवीकडे वाचता येतात. आपल्या भारतीय भाषांसाठी १९५१ साली भारती ब्रेल ठरलं, म्हणजे आपली 'क' आणि हिंदीची 'क' टिंबांत सारखीच, हेही तेव्हा कळलं. महिनाभर माझी सगळी टिंबं चुकत होती. मुलगी शेजारी बसून खिदळायची. आईला काही येत नाही आणि तरी ती बसलीय, हे तिनं पहिल्यांदाच पाहिलं असावं.

त्यातूनच पुढे अंध विद्यार्थ्यांची लेखनिक म्हणून परीक्षेला बसू लागले. एकदा योगायोगानं इतिहासाचा पेपर आला. मुलगा उत्तर सांगत होता आणि त्यानं एक सन चुकीचा सांगितला. माझा तर तोच विषय! पेन थबकलं. पण लेखनिकानं फक्त हात व्हायचं असतं, डोकं आपलं घरी ठेवून यायचं असतं. मी चुकीचा सन लिहिला. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत चुटपुट लागली होती, पण एक धडा मिळाला. दुसऱ्याच्या उपयोगी पडायला गेलो, तर तिथे आपल्या हुशारीला आवर घालावा लागतो.

मोडीचंही तसंच. सासरच्या जुन्या ट्रंकेत शके १८४३चा, म्हणजे १९२१चा एक कागद होता. घरात सगळ्यांची समजूत अशी, की तो कसल्यातरी जमिनीचा आहे. कुणालाच वाचता येत नव्हता. आमच्या इथल्या ग्रंथालयात एका निवृत्त शिक्षकांनी मोडीचा वर्ग सुरू केला, तशी मी नाव घातलं. मोडीत आधी सलग शिरोरेघ ओढायची आणि मग तिला खाली अक्षरं लटकवत जायचं. ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ नाही, हे ऐकून माझ्या मुलीला ही लिपी फार आवडली! हात न उचलता लिहायचं म्हणून अक्षरं एकमेकांत अशी मिसळतात, की पहिले दोन महिने नुसता गुंता दिसतो. सहा महिन्यांनी तो कागद मी वाचला. जमीन वगैरे काही नाही, एका लग्नातल्या आहेराची यादी निघाली. पुरुषांची नावं पूर्ण, गावासकट. बायका मात्र 'काकू', 'वन्संबाई', 'अमक्याची सून'. घरच्यांची निराशा झाली. मला मात्र शंभर वर्षांपूर्वीच्या त्या बिननावाच्या बायकांनी कितीतरी दिवस झोपू दिलं नाही.

याचा उपयोग काय? पैशात सांगायचा तर शून्य. पण आमच्या बचत गटातल्या एका मैत्रिणीनं माझी मोडीची वही पाहून विचारलं, "वहिनी, तुम्ही या वयात शिकताय, मग मला दहावीच्या पुढे शिकता येईल का?" नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९पासून अशाच बायकांसाठी दार उघडं ठेवून आहे, हे मी तिला सांगितलं. ती आता पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी भाषणात 'शिका' म्हणून शंभरदा सांगितलं होतं, तेव्हा ती जांभया देत होती. मी अडखळत शिकताना दिसले, तेव्हा तिला पटलं.

इथपर्यंत सगळं छान छान झालं. आता ती चूक.

गावाबाहेरच्या एका वृद्धाश्रमात मी जूनपासून दर बुधवारी दुपारी तीनला जाऊ लागले होते. जुन्या साड्यांचे, लुगड्यांचे तुकडे न्यायचे आणि सगळ्यांनी मिळून वाकळ शिवायची, अशी कल्पना. आमच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात. धावदोरा घालता घालता बोलणं आपोआप सुरू होतं. हा तुकडा कुणाच्या बारशाच्या साडीसारखा, तो कुणाच्या आईच्या लुगड्यासारखा. मी थोडं वाचलंही होतं. रॉबर्ट बटलर नावाच्या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९६३ साली मांडलं होतं, की म्हातारपणी जुन्या आठवणींत रमणं म्हणजे भ्रमिष्टपणा नव्हे. आयुष्याचा ताळेबंद मांडण्याची ती स्वाभाविक ओढ असते. पुढे त्यातून आठवणींना वाट करून देणाऱ्या उपचारपद्धतीही विकसित झाल्या. झालं! मी मनातल्या मनात स्वतःला जवळजवळ उपचारकच समजू लागले.

आणि सप्टेंबरअखेर मोडीचा वर्ग सुरू झाला. बुधवारी, दुपारी तीनला. मला मोडीची ओढ लागली होती. मी आश्रमात फोन करून 'आता काही दिवस जमणार नाही' एवढं सांगितलं आणि विषय संपवला. वाकळ अर्धी झाली होती. बोचकी घरी आणली आणि माळ्यावर टाकली.

दिवाळीत फराळाचे डबे घेऊन गेले, तेव्हा तिथल्या मावशी म्हणाल्या, "त्या कोपऱ्यातल्या आजी अजून बुधवारी तीनला ओट्यावर येऊन बसतात. सुईत दोरा ओवून." मी आजींजवळ गेले, उगाच काहीतरी सबबी सांगू लागले. घरचं काम, मुलीची परीक्षा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "तुजं बरं हाय बाई. हौस फिटली की तू मोकळी. आमी हितंच."

मैत्रिणींनो, भाराभर चिंध्या म्हटल्याचा मला जेवढा राग येतो, त्याच्या शतपटीनं मला त्या दिवशी शरम वाटली. शाडूची माती मी अर्धवट टाकली, तर ती वाळते, बस्स. बोरू टाकला तर तो माळ्यावर पडून राहतो. त्यांना माझी वाट बघायची नसते. माणसं मात्र वाट बघतात. ज्यांच्या घरच्यांनीच येणं थांबवलंय, त्यांच्या दारात मी कुतूहल म्हणून गेले, त्यांना बुधवारची सवय लावली आणि कुतूहल दुसरीकडे वळल्यावर निघून आले. त्यांच्या आयुष्यात आधीच बरेच जण असे निघून गेलेले असणार. त्यात माझी भर पडली.

म्हणून आज माझं मत असं आहे, की कुतूहल हे सुरुवात करायला अगदी पुरेसं कारण आहे. त्यासाठी बाईनं कुणाची परवानगी मागायची गरज नाही, 'पुढे काय' याचं उत्तर द्यायची गरज नाही. जे आपल्यापुरतं आहे, ते हवं तेव्हा धरावं, हवं तेव्हा सोडावं. चार महिन्यांत वारली सोडली म्हणून कुणाचं काही बिघडलं नाही. पण जिथे आपल्या हौसेत दुसऱ्या माणसाचं मन गुंतणार आहे, मग ते मूल असो, रुग्ण असो की म्हातारं माणूस, तिथे थांबायला कुतूहल पुरत नाही. तिथे शब्द द्यावा लागतो आणि पाळावा लागतो.

ताराबाई मोडक मला या बाबतीत फार मोठ्या वाटतात. १९२६ साली गिजुभाई बधेका यांच्यासोबत नूतन बालशिक्षण संघ उभारलेल्या ताराबाई पुढे बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी मुलांकडे वळल्या. मुलं शाळेत का येत नाहीत, हा प्रश्न त्यांनी खरोखर कुतूहलानं विचारला. त्यांच्या प्रयोगांत अंगणात भरणारी अंगणवाडी आली. मुलं गुरांमागे जातात म्हणून शाळाच चरण्याच्या रानात न्यावी, या विचारातून कुरणशाळा आली. केवढी गमतीदार कल्पना! पण ती कल्पना सुचून त्या दुसऱ्या गमतीकडे वळल्या नाहीत. त्या आणि अनुताई वाघ त्या मुलांसाठी तिथेच राहिल्या, अनेक वर्षं. कुतूहल आणि चिकाटी यांचं भांडण नसतं, हे त्यांच्याकडे पाहून कळतं.

आपल्याला काही कोसबाडला जाऊन राहणं जमणार नाही. घर, स्वयंपाक, आल्यागेल्याचं बघून उरलेल्या वेळात आपण जाणार. मग निदान एवढं करावं. जाताना किती दिवस येणार ते आधी सांगावं. 'बघू, जमेल तसं येईन' हे वाक्य आपल्याला नम्र वाटतं, समोरच्याला ते टांगून ठेवतं. आणि संस्थांनीही 'येताय ना, या' एवढ्यावर न थांबता हौशी माणसाला हाच प्रश्न दारात विचारावा. दुसरं, आपण उपचारक नाही याचं भान ठेवावं. एकदा अबोली रंगाचा एक तुकडा हातात आल्यावर एक आजी अशा रडू लागल्या, की माझे हातपाय गळाले. तिथल्या परिचारिकेनं त्यांना जवळ घेतलं, पाणी दिलं, निजवलं. आठवणींचं झाकण उघडणं सोपं असतं. आत काय आहे ते आपल्याला ठाऊक नसतं, म्हणून जाणतं माणूस जवळ हवंच. लेखनिकासारखं इथेही आपली हुशारी आवरायची.

दिवाळीनंतर, म्हणजे गेल्या वर्षी, मी आश्रमात परत गेले. या वेळी सांगून, की बारा बुधवार येईन. मोडीच्या सरांना विनंती करून शनिवारच्या तुकडीत गेले. भिंतीवरच्या कॅलेंडरवर बारा खुणा केल्या. त्या कोपऱ्यातल्या आजी पहिले दोन बुधवार माझ्याशी बोलल्याच नाहीत. सुई मात्र चालवत होत्या. तिसऱ्या बुधवारी म्हणाल्या, "धागा आखूड घेतीस तू. मधीच संपतो, मग गाठी हुत्यात." त्या शिवणाबद्दलच बोलत होत्या. मी मान खाली घालून लांब धागा ओवला.

एका बुधवारी मोडीची वही चुकून पिशवीत राहिली होती. नव्वदीचे एक आजोबा, कुणाशी फारसं न बोलणारे, त्यांनी ती उचलली. माझ्या हातातलं पेन मागून घेतलं आणि पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आधी एक सरळ रेघ ओढली. त्यांच्या लहानपणी शाळेत मोडी होती. त्यानंतर ते भडाभडा बोलू लागले, असं काही झालं नाही. सिनेमात होतं तसं आयुष्यात होत नाही. पण प्रत्येक बुधवारी ते वही मागू लागले. वाकळ बाराव्या बुधवारी पुरी झाली. मी ठरल्याप्रमाणे निरोप घेतला, तेव्हा आजी म्हणाल्या, "आता जा. आता चालंल." त्या 'आता'साठीच बारा बुधवार होते.

तर, यंदाचा पसारा. शाडूची माती भिजवून तुळशीच्या कुंडीत घातली. दोन रिंगा बचत गटातल्या मुलींना दिल्या. वारलीचा डबा मुलीनं पळवला. ब्रेलची पाटी आणि मोडीच्या वह्या माळ्यावर न जाता हॉलच्या कपाटात आल्या, नवऱ्याच्या फायली एका कप्प्यात दाटीवाटीनं बसवून. त्यानं फक्त भुवया उंचावल्या. आणि बोचकी दाराशी ठेवली, कारण जानेवारीपासून पुन्हा बारा बुधवार ठरवलेत.

संध्याकाळी सासूबाई आपलं एक विटलेलं हिरवं लुगडं घेऊन आल्या आणि बोचक्यावर ठेवत म्हणाल्या, "हेही असू दे त्यात. आणि एखाद्या बुधवारी मलाही ने की. बघू तरी, तुम्ही करता काय तिथं."

त्यांच्याही डोक्यात किडा शिरलेला पाहून मला भारी आनंद झाला. पण मी म्हटलं, "एखाद्या नाही हं, आई. यायचं तर बाराही बुधवार."